तीन मीटर

मला सांगू नका.
हे मी दारातच सांगते, बूट काढता काढता:
तुमच्या खुब्यात काय बसवलंय ते मला सांगू नका.
हाडाच्या पोकळीत उतरवलेला खिळा,
की बाहेरून पट्टी आणि आत तिरपा स्क्रू,
ते सर्जनला ठाऊक,
आणि ट्रॉम्सोच्या कपाटातल्या बंद पाकिटाला.
माझ्याकडे एक घड्याळ, पांढरी चिकटपट्टी.
खुर्ची तुमचीच.

उठायचं. तीन मीटर चालायचं.
पट्टीपाशी वळायचं. परत येऊन बसायचं.
घाई नको. रोज चालता तसं.

हाल्वोर हसला.
साठ वर्षं होड्या बांधलेला माणूस,
डाव्या अंगठ्याचं नख कधीचंच गेलेलं.
"एवढं सगळं केलंत, पण सुताराला नाही विचारलंत.
खिळा धाक दाखवून आत शिरतो, पोरी,
स्क्रू लाकडाशी बोलत बोलत जातो.
पण लाकूडच भुसभुशीत झालं
तर दोघांनी धरायचं कशाला?"
मग मांडीवर बोटाच्या पेराने ठोकलं,
मान कलती करून ऐकलं,
"हा तर..." म्हणाला,
आणि मी कानांवर हात ठेवले.
पस्तीस सेकंद.
वळताना त्याने भिंतीला तळवा लावला,
गोदीत उभ्या होडीच्या पोटाला लावतात तसा.

आस्लाउग टपाल वाटायची,
हॅमरफेस्टच्या चढउतारांवर, चाळीस हिवाळे.
पडली सप्टेंबरात, स्वयंपाकघरात,
लिंगोनबेरीचं पातेलं चुलीवरून उतरवताना.
"बर्फावर कधीच नाही. एकदाही नाही,"
हे तिने मला तीनदा सांगितलं.
पडल्याचं तिला काही नाही,
जागा चुकली याची लाज.
पहिल्या खेपेला सत्तावीस सेकंद, वॉकर धरून.
पुढच्या खेपेला वॉकर नव्हता,
पण पट्टीच्या अलीकडेच वळली.
मी म्हटलं, पट्टी ओलांडायची असते.
ती म्हणाली, तिथे कुणी राहत नाही.

रात्री मी आकडे भरते
आणि चोरून अंदाज बांधते:
हा पाय जरा आखूड टाकतो, म्हणजे स्क्रू घसरला असेल,
हिची मांडी दुखते, म्हणजे खिळ्याचं टोक.
मग स्वतःलाच दटावते.
तुला चाल बघायला ठेवलंय, बाई.

हाल्वोर डिसेंबरात गेला. फुफ्फुसं भरली.
त्याच्या मुलीचा, राग्नफ्रिडचा फोन:
"जाळल्यावर धातू उरतो. काय करायचं, विचारतात.
मी बघितला. तुला सांगू?"
"नको."
"अजूनही नको?"
"अजून सात महिने नको."
तिकडे बराच वेळ केटलीचा आवाज.
"मग त्याच्या रकान्यात काय भरणार?"
रेघ, म्हटलं. आडवी.
त्याने ठोकून जे ऐकलं होतं
तेच निघालं का, हे विचारायचं
जिभेवर आलं होतं.

एकवीस जानेवारी. आस्लाउगचा चौथा महिना.
तिने केस विंचरले होते, बूट घातले होते,
घरात, गालिच्यावर, बाहेरचे बूट.
मी म्हटलं, चला.
उठली, हातांचा आधार न घेता.
एक मीटर. दोन.
आणि मधेच थांबली.
दोन महिन्यांनी सूर्य आला होता,
खाडीपलीकडच्या डोंगरावर जेमतेम एक काप,
आणि तिच्या समोरच्या भिंतीवर
तळहाताएवढा उजेड.
ती बघत राहिली.
घड्याळ थांबवायचं नसतं, नियम आहे.
मी थांबवलं नाही.
उजेड घड्याळाच्या चौकटीपासून कोटाच्या खुंटीपर्यंत सरकला,
मग ती पट्टीपर्यंत गेली, पट्टी ओलांडली,
वळली, येऊन बसली.

एकोणसाठ.

आकडे जुळवणाऱ्या पोराचा मार्चमध्ये फोन आला:
हा एक आकडा बाकीच्यांत बसत नाही,
टायपिंगची चूक का?
चूक नाही, म्हटलं.
मग काही गुंतागुंत? खिळा सैल झाला? स्क्रू?
ते मला माहीत नाही, म्हटलं,
मला सांगूही नकोस.
आकडा आहे तसाच राहू दे.